सोमवारचे चार शब्द

धुलाईच्या त्या कारखान्यात तिला सगळे कप्तान म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. तरुणपणी ती व्हॉलीबॉल खेळायची, मोठ्या टीमची कप्तान होती. पुढे लग्न झालं, गुडघे बोलायला लागले, खेळ सुटला, पण कप्तानकी काही अंगातून गेली नाही. बसच्या रांगेत कुणी मध्ये घुसलं की तिचा हात आपोआप वर जायचा. रस्ता ओलांडताना ती शेजारच्या अनोळखी बाईलाही "आता!" असं म्हणून बरोबर घेऊन जायची. नवरा म्हणायचा, "बाई गं, हे घर आहे, मैदान नाही. मीठ मागितलं तर मीठ दे, पास देऊ नकोस."

कारखान्यात हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुऊन, पिळून निघालेल्या चादरींचे ओले गठ्ठे गाड्यांवरून इस्त्रीच्या हॉलमध्ये आणायचे. तिथे दोन मोठे गरम रोलर होते. एका बाजूला दोघीजणी उभ्या राहून चादरीची दोन टोकं धरायच्या, ताणायच्या आणि रोलरच्या तोंडाशी द्यायच्या. रोलर चादर आत ओढून घ्यायचा. पलीकडे दोघी ती कोरडी, कडक झालेली चादर झेलून घडी घालायच्या. हॉलमध्ये कायम वाफ. केसांना, कपड्यांना, डब्यातल्या जेवणालासुद्धा साबणाचा वास. दुसऱ्या रोलरची सुपरवायझर म्हणजे कप्तान.

त्याच रोलरवर तिची जाऊ कामाला होती. घरात सगळे तिला धाकटी म्हणायचे. दोघे भाऊ शेजारशेजारच्या खोल्यांत राहायचे आणि स्वयंपाकघर एकच होतं. धाकटीची मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा कप्तानानेच साहेबांकडे शब्द टाकून तिला कामाला लावलं होतं. धाकटी अंगाने बारीक, पण हाताला चपळ. चादर कुठे मुडपली आहे हे तिला बघावं लागायचं नाही, बोटांना कळायचं. तक्रार करायची तिची रीत नव्हती. काही दुखलं-खुपलं तर आधी हसायची, मग सांगायची, आणि सांगून झाल्यावर पुन्हा हसायची, म्हणजे समोरच्याला वाटावं की काही विशेष नाही.

जुने साहेब निवृत्त झाले. ते बरे होते, म्हणजे झोपाळू होते. नवे साहेब आले ते धावायचे बूट घालूनच. त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त. कप्तान कोण होती हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"तुम्ही खेळाडू आहात आणि मला आज कळतंय? दर सोमवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना चार शब्द सांगत जा. खेळातून माणूस जे शिकतो ना, ते कुठल्या वर्गात बसून शिकत नाही."

"मला भाषण येत नाही साहेब."

"भाषण नकोच. गप्पा मारल्यासारखं बोला."

आणि गप्पा मारायला तिला छान जमलं. पहिल्या सोमवारी तिने सांगितलं की मैदानात बॉल बहुतेक वेळा दोन चांगल्या खेळाडूंच्या मधोमध पडतो. का? तर हिला वाटतं ती घेईल, तिला वाटतं ही घेईल. "आमच्या घरी दूधही असंच उतू जातं. मला वाटतं ह्यांचं लक्ष आहे, ह्यांना वाटतं माझं आहे. म्हणून तोंडाने म्हणायचं, माझा! मोठ्याने. लाजायचं नाही." बायका हसल्या. पण त्या दिवसापासून चादर घसरायला लागली की कुणीतरी "माझी!" म्हणून ओरडायचं आणि चादर खाली पडायची नाही. एखाद्या सोमवारी ती बॉल उचलून देणारीबद्दल बोलायची. टाळ्या स्मॅश मारणारीला मिळतात, पण बॉल वर कुणी दिला ते कुणाला आठवत नाही. ते ऐकून गठ्ठे सोडवणारी एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "माझंच सांगतेय बघ ही."

रोलरवर धाकटीच्या जोडीला जी बाई उभी राहायची तिला सगळ्या बडबडी म्हणायच्या, कारण तिचं तोंड रोलरपेक्षा जास्त चालायचं. ती म्हणायची, "कप्तान, तू सोमवारी बोलतेस आणि आम्हाला आठवडाभर पुरतं. नवऱ्याला ऐकवते मी घरी. तो म्हणतो, तुमच्याकडे कपडे धुतात की माणसं?"

घरी जाताना धाकटी कप्तानाच्या दंडाला धरून चालायची. "ताई, तुम्ही बोलता तेव्हा मला कसलं भारी वाटतं. ही आमची, असं सगळ्यांना सांगावंसं वाटतं."

मग साहेबांनी हॉलच्या भिंतीवर फळा लावला. वर लिहिलं, स्कोअर. पहिला रोलर एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. कुणी किती चादरी काढल्या ते रोज खडूने मांडायचं, आणि शनिवारी जिंकणाऱ्या रोलरला एक पितळी कप. तो कप आठवडाभर त्या रोलरच्या खांबावर ठेवायचा. कपात एवढं काय आहे, असं बायका आधी म्हणाल्या. दोन शनिवार पहिल्या रोलरने तो नेला तेव्हा मात्र दुसऱ्या रोलरवरच्या बायकांची जेवणाची सुट्टी आपोआप लहान झाली.

साहेब कप्तानाला म्हणाले, "या सोमवारी जरा जोशाचं सांगा. रक्त उसळलं पाहिजे."

तेव्हा तिने बोटाची गोष्ट सांगितली. अंतिम सामन्यात ब्लॉक करताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं. तिने ते शेजारच्या बोटाला पट्टीने बांधलं आणि शेवटपर्यंत खेळली. कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. सांगताना तिने ते वाकडं बोट वर धरलं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेबांच्या टाळ्या सगळ्यांच्या थांबल्यावर थांबल्या. दोन दिवसांनी फळ्याच्या वर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं: दुखणं मैदानाबाहेर.

तो सामना त्या हरल्या होत्या, हे तिने सांगितलं नाही. त्या बोटाने अजून भरलेलं पातेलं उचलता येत नाही, थंडीत रात्र रात्र ठणकतं, हेही सांगितलं नाही. खोटं काहीच बोलली नव्हती ती. कुणी विचारलं नाही, एवढंच. गोष्ट जिथे चांगली वाटते तिथे ती थांबली होती.

टाळ्या वाजवणाऱ्यांत धाकटी पुढे होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या. कप्तान शेगडीपाशी, धाकटी भाजी चिरायला बसलेली. सुरी खणकन फरशीवर पडली. धाकटीने उचलली, थोड्या वेळाने पुन्हा पडली.

"काय गं? लक्ष कुठे आहे?"

धाकटी हसली. "लक्ष आहे हो. हातच झोपतो मधून मधून. बोटं अशी मेल्यासारखी होतात. सकाळी कप सुटला हातातून, तोही असाच."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आधी मुंग्या यायच्या. आता मुंग्याही येत नाहीत." आणि पुन्हा हसली.

कप्तानाने तिचा हात हातात घेतला, बोटं एकेक दाबून पाहिली. "हे कळतंय?"

"थोडंसं."

"आणि हे?"

"नाही."

खरं म्हणजे तिथेच काय ते कळलं होतं. वर्षानुवर्षं खेळाडूंच्या दुखण्याखुपण्यात वावरलेली बाई ती. पण तो आठवडा दुसऱ्या रोलरचा होता. पहिल्या रोलरपेक्षा त्या पुढे होत्या, आणि साहेबांनी जाता जाता म्हटलं होतं की या वेळी कप कुठे जातो त्यावरून पुढची मोठी सुपरवायझर कोण ते ठरेल. धाकटीला रोलरवरून काढून गठ्ठ्यांवर टाकायचं तर तिच्या जागी तेवढ्या चपळ हाताची दुसरी कुणी नव्हती.

"ताण पडलाय शिरेवर," कप्तान म्हणाली. "एवढा आठवडा काढ. मी उद्या पट्टी बांधून देते. शनिवार झाला की तुला घडीवर घेते आणि डॉक्टरांकडे जाऊ आपण."

"तुमच्या बोटासारखं," धाकटी म्हणाली.

"हो. माझ्या बोटासारखं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाने स्वतः तिच्या मनगटाला पट्टी बांधली. छान बांधली, एकावर एक अर्धा पदर ठेवत, जशी कधीकाळी तिला कुणीतरी बांधून दिली होती. धाकटीने मूठ उघडझाप करून पाहिली आणि मान डोलावली.

आणखी एक गोष्ट होती आणि ती हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होती. रोलरच्या तोंडासमोर एक आडवी दांडी होती. हात चुकून पुढे गेला, दांडीला नुसता धक्का लागला, की रोलर बंद पडायचा. पण ती दांडी जुनी झाली होती आणि जाड चादर लागली तरी रोलर थांबवायची. पुन्हा सुरू करून तापायला वेळ जायचा आणि फळ्यावरचा आकडा मागे पडायचा. म्हणून मिस्त्रीने फाटक्या चादरीची चिंधी घेऊन दांडी वर बांधून टाकली होती. एकदा साहेब तिथून जाताना थांबले, चिंधीकडे पाहिलं, म्हणाले, "वेळ वाचतोय ना? जपून करा म्हणजे झालं," आणि पुढे गेले. कप्तानानेही पाहिलं होतं. आपल्या बायका तयार आहेत, असं ती स्वतःशी म्हणाली होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते झालं. हॉटेलची एक रुंद चादर चालली होती. धाकटीच्या बाजूचं टोक आत मुडपलं. ते सरळ करायला तिने बोटं घातली, नेहमीसारखी. कडा आत चालली आहे, हात सोडायला हवा, हे एरवी बोटांनी तिला सांगितलं असतं. त्या दिवशी बोटांनी काही सांगितलं नाही.

ती आधी ओरडलीच नाही. बडबडी म्हणत होती, "अगं ओढ ना, अगं ओढ," आणि मग बडबडी ओरडली. कप्तान धावली, तिने लाल बटण दाबलं. रोलर एकदम थांबत नाही, सावकाश थांबतो. तेवढा वेळ धाकटी तिच्याकडे बघत होती. डोळ्यांत दुखणं नव्हतं, आश्चर्य होतं. काहीतरी चुकलंय आणि ताई आता सांगेल काय करायचं, असं.

हॉस्पिटलमध्ये अंगठा वाचला. बाकीची बोटं काढावी लागली.

धाकटीचा नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. तो तसाच तेलकट हातांनी आला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर कप्तान बसली होती, एप्रन अजून अंगावर होता.

"वहिनी, झालं कसं?"

तिने तोंड उघडलं. पट्टीचं सांगायचं होतं. "मशीन," एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही होतात ना तिथे?"

"होते."

"मग बरं," तो म्हणाला. "तुम्ही होतात म्हणून एवढ्यावर निभावलं." आणि भिंतीला टेकून रडायला लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला स्वतःला इतका जड वाटला की तिने तो काढून घेतला.

शनिवारी साहेब हॉस्पिटलात आले. बरोबर तो पितळी कप होता. "या आठवड्याचा कप तुमच्या नावाने," ते धाकटीला म्हणाले. "सगळ्या टीमने ठरवलं. लढवय्या आहात तुम्ही." त्यांनी तो कप तिच्या उशाशी ठेवला. ती औषधाच्या गुंगीत होती. तिने कपाकडे पाहिलं, मग आपल्या बांधलेल्या हाताकडे, मग पुन्हा कपाकडे, जणू या दोन वस्तूंचा एकमेकींशी संबंध काय ते जुळवून बघत होती. साहेब गेल्यावर तिच्या नवऱ्याने कप उचलून खाटेखाली पायाने सारला.

जाताना साहेबांनी कप्तानाला जिन्याशी बाजूला घेतलं होतं.

"चौकशीला सरकारी माणूस येणार. तुम्हाला विचारतील. घाबरू नका, आहे तेच सांगा. तिचा हात दुखतोय हे तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. कळलं असतं तर आपण तिला बसवलंच असतं ना? कुणीही बसवलं असतं."

कप्तानाने वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"आणि दांडी आता नीट आहे. मी स्वतः पाहिली. शेवटी हा एकट्यादुकट्याचा प्रश्न नाही, टीमचा आहे. एवढ्या बायकांची घरं यावर चालतात. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही कप्तान आहात."

ती हॉलमध्ये गेली तेव्हा दांडी खरोखरच नीट होती. चिंधी नव्हती. दांडीला तेलपाणी केलेलं, रंगसुद्धा दिलेला. मिस्त्रीची बदली दुसऱ्या शिफ्टला झाली होती.

चौकशीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत मोठ्या टेबलापलीकडे अधिकारी बसला होता. तरुण होता, सर्दी झालेली, सारखा नाक पुसत होता. साहेब एका कडेला. कप्तानाला आधी बोलावलं.

"त्यांच्या हाताला काही त्रास होता का? तुमच्या कानावर आलं होतं?"

साहेब तिच्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते.

"आलं होतं," ती म्हणाली. "तिने मला सांगितलं होतं, बोटं बधिर होतात म्हणून. मीच म्हटलं, आठवडा काढ. पट्टीही मीच बांधली. आणि रोलरची दांडी चिंधीने वर बांधलेली होती. ते मला माहीत होतं. साहेबांनाही माहीत होतं. त्यांनी पाहिलं होतं."

अधिकाऱ्याचा हात लिहिताना थांबला. साहेब शांतपणे म्हणाले, "त्यांच्या घरातलीच आहे ती. धक्का बसलाय बिचाऱ्यांना."

मग एकेकीला बोलावलं. कप्तानाला बाहेर जा असं कुणी म्हटलं नाही, म्हणून ती कोपऱ्यात बसून राहिली. गठ्ठे सोडवणारी म्हातारी आली, तिला दांडी म्हणजे नक्की कुठली ते आठवेना. घडी घालणाऱ्या दोघी म्हणाल्या, आम्ही पलीकडे असतो, आम्हाला पुढचं दिसत नाही. शेवटी बडबडी आली. कप्तान तिच्याकडे बघत राहिली. ही बोलेल, असं तिला वाटलं होतं. ही तर गप्प बसूच शकत नाही.

"दांडी बांधलेली होती का?" अधिकाऱ्याने विचारलं.

बडबडीने एप्रनचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी आपली माझ्या चादरीकडे बघत होते."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही?"

"माझी मुलं लहान आहेत हो," बडबडी म्हणाली. विचारलेल्याचं ते उत्तर नव्हतं, पण अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं नाही. दारातून जाताना ती कप्तानाच्या खुर्चीजवळून गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काही बोलायला सुचलं नाही.

कप्तानाला तिचा राग आला नाही, हेच वाईट होतं. राग आला असता तर बरं वाटलं असतं. या बायकांना दोघींच्या मध्ये पडलेला बॉल कुणी घ्यायचा हे तिनेच शिकवलं होतं. आणि तिला दिसत होतं की तेव्हा ती फक्त चादरींबद्दल बोलत होती.

निकाल लागला तो असा, की सुपरवायझरने त्रास माहीत असूनही बाईला मशीनवर ठेवलं. चूक सुपरवायझरची. दांडीबद्दल पुरावा नाही. कप्तानाला कामावरून काढलं. धाकटीला या कामाला योग्य नाही म्हणून काढलं. कारखान्याने हात झटकले.

घरी हे बाहेरून कळायच्या आत आपणच सांगावं म्हणून कप्तान त्याच संध्याकाळी धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी पलंगावर बसली होती. मुलगी अभ्यास करत होती. नवरा नुकताच आला होता. कप्तानाने उभ्यानेच सगळं सांगितलं. स्वयंपाकघरातलं बोलणं, पट्टी, चिंधी, चौकशीत काय झालं ते.

धाकटीच्या नवऱ्याने आवाज चढवला नाही. "वहिनी," तो म्हणाला, "हॉस्पिटलात मी तुम्हाला काय म्हटलं होतं, आठवतंय?"

"आठवतंय."

"मग तेव्हा गप्प कशा बसलात?"

तो मुलीला घेऊन बाहेर निघून गेला.

"मला सांगायची गरज नव्हती," धाकटी म्हणाली. "मलाच तर माहीत होतं. मीच सांगितलं होतं ना तुम्हाला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? त्याला तरी?"

"काय बोलू? तुमचं नाव घेऊ?" धाकटी हसली नाही. तिच्या तोंडावर हसू नसताना ती कशी दिसते हे कप्तान इतक्या वर्षांत प्रथम बघत होती. "मी म्हणणार होते की माझ्याच चुकीने झालं. ठरवलं होतं मी. साहेबांचा माणूस येऊन गेला होता, त्यालाही तसंच सांगितलं मी. तुम्ही तिथे राहिला असतात. घरात तुमचा पगार येत राहिला असता. ह्यांना काही कळलं नसतं. माझा हात गेला तो गेलाच होता."

"खोटं बोलले असते तर मी तुला तोंड कसं दाखवलं असतं?"

"आता दाखवलंत ना? बघतेय मी." धाकटीने बांधलेला हात मांडीवर नीट ठेवला. "तुम्हाला मोकळं झाल्यासारखं वाटलं असेल, ताई. आम्हाला काय मिळालं?"

बाहेर कुणीतरी सायकल साखळीने बांधत होतं.

"तुम्ही त्या दिवशी नुसतं म्हटलं असतं ना, बस खाली," धाकटी म्हणाली. "मी बसले असते. तुम्ही सांगितलेलं मी कधी मोडलं होतं का?"

त्या आठवड्यात धाकटीच्या नवऱ्याने शेगडी आपल्या खोलीत नेली. स्वयंपाकघरात तिच्या जागी भिंतीवर काळा डाग राहिला. कप्तानाच्या नवऱ्याने भावाशी बोलून पाहिलं, मग तोही गप्प झाला. बायकोला तो दुखवून बोलला नाही, पण जेवताना चेष्टा करणं त्याने सोडलं. मीठ लागलं तर उठून स्वतः घ्यायचा.

पातळ भिंतीपलीकडून कप्तानाला सगळं ऐकू यायचं. डबा उघडताना झाकण निसटून फरशीवर फिरत राहिल्याचा आवाज. मुलीची वेणी घालताना, "आई, सैल होतेय," आणि मग, "राहू दे, मीच घालते." एकदा धाकटी भांडं घासताना ते सारखं निसटत होतं आणि ती त्या भांड्यालाच हळू आवाजात काहीतरी समजावत होती. कप्तान उठली, दारापर्यंत गेली. दार लोटलेलं होतं. तिने ढकललं तर उघडलं असतं. आतून पाण्याचा आवाज थांबला. कुणीतरी बाहेर उभं आहे हे आत कळलं होतं. दोघी तशाच थांबल्या, एक आत, एक बाहेर. मग पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि कप्तान परत फिरली.

तिला दुसरीकडे काम मिळेना. जिथे जाईल तिथे आधी काय करत होतात असं विचारायचे, आणि मग कारखान्यात फोन करायचे. एकदा शाळेच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवाल का म्हणून एका ओळखीच्या मास्तरांनी विचारलं. ती गेली. एक मुलगी घोटा मुरगळून बाजूला बसली होती आणि तिला बघून घाईघाईने उठायला लागली. "बाई, मला काही झालं नाही, मी खेळते," ती म्हणाली. कप्तान तिला "बस खाली" म्हणून इतक्या जोरात ओरडली की मुलगी रडायला लागली, बाकीच्या मुली घाबरून एका जागी गोळा झाल्या. मास्तर म्हणाले, जाऊ द्या, तुम्हाला अजून बरं नाही. त्यानंतर ती मैदानावर गेली नाही.

थंडी सरता सरता धाकट्या भावाने बस डेपोजवळ खोली पाहिली. लांब होती. कामाला जवळ पडेल, असं त्याने मोठ्या भावाला सांगितलं, आणि मोठ्या भावाने ते खरं असल्यासारखं ऐकून घेतलं. रविवारी सकाळी टेम्पो आला. दोघा भावांनी मिळून कपाट उतरवलं, पलंग सोडवला. एकमेकांशी बोलायचे ते फक्त "जरा तिरकं घे", "इकडून धर", एवढंच. कप्तान दारात उभी होती. मुलीने जाताना तिला मिठी मारली आणि आईकडे बघून लगेच सोडली.

धाकटी टेम्पोत पुढे बसली. हात ओढणीखाली होता. कप्तान खिडकीपाशी गेली.

"औषधं घेतलीस ना?"

"घेतली."

"वेळ मिळाला की ये."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत रागही नव्हता. "बघू, ताई," ती म्हणाली. असं आपण ज्यांच्याकडे पुन्हा जाणार नसतो त्यांना म्हणतो. टेम्पो सुरू झाला. गल्लीच्या टोकाशी वळताना त्याने हॉर्न वाजवला, तो कुणासाठी नव्हता, समोर कुणीतरी आलं होतं.

नवरा आत जाऊन आडवा झाला. कप्तानाने झाडू घेतला आणि रिकाम्या खोलीत गेली. घरमालक दुपारी कुणाला तरी खोली दाखवायला आणणार होता. पलंगाच्या जागी फरशी वेगळ्या रंगाची दिसत होती. कोपऱ्यात केसांची गुंतवळ, पेन्सिलीची टरफलं, एक मोडकी क्लिप. तिने सगळं सावकाश एका जागी आणलं, सुपलीत भरलं. मग फरशी पुसली. गुडघे दुखत होते म्हणून मध्ये बसली, आणि बसल्यावर उठायला काही कारण सापडेना.

दार वाजलं. घरमालकाबरोबर एक नवराबायको होते, नवीन लग्न झालेले दिसत होते. ती बाई भिंतींकडे, खिडकीकडे बघत होती. फरशीवर बसलेल्या कप्तानाला बघून जरा बावरली.

"तुम्ही इथेच राहता का?"

"शेजारी."

"पाणी येतं का हो सकाळी?"

"येतं," कप्तान म्हणाली. "सातच्या आत भरून ठेवावं लागतं."